हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यासाठी टेलिफोटो झूम: कोणती घ्यावी?

टेलिफोटो लेन्स घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती लांबचं दिसतं हिच्यातून?" माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. ही लेन्स डोळ्याशी धरून किती वेळ निवांत उभं राहता येतं? मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात माझी प्रॅक्टिस आहे आणि दिवसभर लोकांचे खांदे, माना आणि मनगटं यांच्याशीच माझा संबंध येतो. क्लिनिक उघडायच्या आधी वेताळ टेकडी, सुटीच्या दिवशी भिगवण किंवा सिंहगडाच्या पायथ्याची व्हॅली, आणि उन्हाळ्यात एखादी साताऱ्याची फेरी, असं माझं पक्षी बघणं चालतं.

माझा कॅमेरा ओएम सिस्टिमचा ओएम-५. बॅटरी आणि कार्डासकट ४१४ ग्रॅम. तो घेतला तोच हलका म्हणून. त्याच्यावर सव्वा किलोची लेन्स चढवायची असेल तर छोटा कॅमेरा घेण्याला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे ही तुलना छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांना शोभतील आणि पेलतील अशाच लेन्सची आहे. दोन माझ्या स्वतःच्या: ऑलिंपसची ७५-३०० आणि पॅनासॉनिकची १००-३००, दुसरी आवृत्ती. (हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) सोनीची ७०-३५० माझ्या भाच्याची, तो ती ए६७०० कॅमेऱ्यावर लावतो. कॅननची आरएफ १००-४०० आमच्या टेकडीच्या गटातल्या एका काकांची, त्यांच्या आर१० कॅमेऱ्यासकट. फुजीची ७०-३०० माझ्या डॉक्टर मैत्रिणीची. आणि पॅनासॉनिक-लायकाची १००-४०० मी भाड्याने आणून वापरली. सगळ्या हाताळल्या त्या पक्षी बघतानाच. भिंतीवर तक्ता लावून काढलेले फोटो इथे मिळणार नाहीत.

आधी थोडं गणित, कारण जाहिरातीतले आकडे इथे फार गोंधळ घालतात.

माझ्या ओएम-५ चा, आणि ऑलिंपस-पॅनासॉनिकच्या या लेन्स ज्यांना बसतात त्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. त्यावर ३०० मिमीची लेन्स लावली की फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरवर) ६०० मिमीने दिसेल तेवढंच दृश्य चौकटीत येतं. सोनी, फुजी आणि निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत (त्यांचा सेन्सर या दोन्हींच्या मधल्या आकाराचा) हा गुणक दीड, कॅननमध्ये १.६. म्हणजे सोनीची ३५० होते ५२५, फुजीची ३०० होते ४५०, कॅननची ४०० होते ६४०. इथवर बहुतेकांना माहीत असतं.

माहीत नसतं ते पुढचं. एफचा आकडा जितका मोठा, तितका सेन्सरवर उजेड कमी पडतो. म्हणून कॅननच्या लेन्सवर एफ/८ लिहिलेलं वाचून लोक ती लगेच बाजूला ठेवतात. "एफ/८ म्हणजे अंधार," हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. पण लांब बसलेल्या एका पक्ष्याकडून येणारा किती उजेड लेन्स गोळा करते, हे एफच्या आकड्यावरून एकट्याने कळत नाही. त्यासाठी फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागायचं. जे येईल तो त्या लेन्सच्या उघड्या तोंडाचा व्यास. ऑलिंपस: ३०० भागिले ६.७, म्हणजे सुमारे ४५ मिमी. कॅनन: ४०० भागिले ८, बरोबर ५०. पॅनासॉनिक १००-३०० आणि फुजी: ३०० भागिले ५.६, दोन्ही साधारण ५४. सोनी: ३५० भागिले ६.३, सुमारे ५६. पॅनासॉनिक-लायका: ४०० भागिले ६.३, म्हणजे ६३ च्या थोडं वर. पक्षी तोच, अंतर तेच, शटरचा वेग तोच, तर पक्ष्याच्या अंगावरून येणारा उजेड या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळतो. त्या हिशेबाने कॅननची 'अंधारी' लेन्स ऑलिंपसपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने जास्त उजेड घेते. आणि लायकाची १००-४०० ऑलिंपसच्या दुप्पट.

आता शेजारी वजनं ठेवा. ऑलिंपस ४२३ ग्रॅम. पॅनासॉनिक १००-३०० ५२०. फुजी ५८०. सोनी ६२५. कॅनन ६३५. लायका ९८५. मला या सगळ्यात जी जोडी सर्वात शहाणी वाटते ती इथेच दिसते: ५२० ग्रॅममध्ये ५४ मिमीचं तोंड. तिच्याकडे पुढे येतेच.

वजनाबद्दल एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे, कारण ती रोज माझ्या टेबलावर येते. काट्यावरचं वजन आणि मनगटाला जाणवणारं वजन एक नसतं. मनगटापासून भार जितका पुढे, तितका तो जास्त जाणवतो. या सहाही लेन्स झूम केल्यावर लांब होतात, नळी पुढे सरकते आणि वजनाचा मध्यबिंदूही पुढे सरकतो. नेमकं तेव्हाच, म्हणजे सर्वात लांबच्या झूमवर, आपल्याला सर्वात जास्त स्थिर राहायचं असतं. हात वर धरून ठेवणारा खांद्याचा स्नायू अर्ध्या-एक मिनिटात थकायला लागतो, आणि थकलेला स्नायू थरथरतो. पक्षी मात्र फांदीच्या आडून बाहेर यायला त्याहून जास्त वेळ घेतो.

म्हणून धरायची पद्धत आधी नीट करा. डावा तळवा वर करून लेन्सच्या खाली, शक्य तितका पुढे, नळीच्या बुडाशी. डावं कोपर बरगडीला टेकलेलं. उजव्या हातावर भार नाही, त्याचं काम पकड आणि बटण. पक्षी येईपर्यंत कॅमेरा छातीशी खाली घ्या, उगाच डोळ्याला लावून बसू नका. आणि पट्टा गळ्यात अडकवू नका, तिरका, खांद्यावरून विरुद्ध कमरेकडे घ्या. हे सगळं करूनही लायकाची १००-४०० माझ्या ओएम-५ वर लावली की एकूण १४०० ग्रॅमला टेकते आणि कॅमेरा लेन्सच्या शेपटासारखा मागे लोंबतो. त्याची पकड एवढ्या लेन्ससाठी घडवलेलीच नाही.

आता एकेक लेन्स.

ऑलिंपस ७५-३००, एफ/४.८-६.७. आत्ताची दुसरी आवृत्ती २०१३ सालची आहे, म्हणजे चांगली जुनी. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या सुरुवातीला ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला, पण तुमच्या हातात येणारी लेन्स बहुधा ऑलिंपस नावाचीच असेल. बंद केल्यावर लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर. ओएम-५ सकट एकूण वजन ८४० ग्रॅमच्या आत. ट्रेकला जाताना मी हीच घेते, कारण ती पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात बसते आणि चढावर तिचं ओझं वाटत नाही. ७५ पासून सुमारे २३० पर्यंत ती मला छान तीक्ष्ण वाटते. ३०० ला थोडी मवाळ होते, तिथे मी एफ/८ करते, आणि त्यासाठी ऊन लागतं. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारं स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही, सगळी भिस्त कॅमेऱ्याच्या आतल्या स्टॅबिलायझेशनवर. ओएम-५ मध्ये ते उत्तम आहे म्हणून चालतं. तुमच्याकडे पॅनासॉनिकचा ज्यात सेन्सर स्थिर करायची सोय नाही असा एखादा छोटा कॅमेरा असेल, तर मात्र ही लेन्स घेऊ नका. तिच्यावर पाऊस-धुळीपासून बचाव करणारं सीलिंगही नाही. हूड (बाजूने येणारा उजेड अडवणारी पुढची नळी) वेगळा विकत घ्यावा लागतो, तो घ्याच.

पॅनासॉनिक १००-३००, एफ/४-५.६, दुसरी आवृत्ती, २०१७. पहिली २०१० ची. दुसऱ्या आवृत्तीत पाण्याच्या तुषारांपासून आणि धुळीपासून बचाव आला आणि त्यामुळे तिचं सगळं रूपच बदललं. ओएम-५ स्वतः सील केलेला, ही लेन्स सील केलेली, दोघांचं मिळून ९३४ ग्रॅम. ऑलिंपसपेक्षा ती अर्धा स्टॉप उजळ आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). अर्धा स्टॉप ऐकायला किरकोळ वाटतो. सिंहगडाच्या व्हॅलीत सकाळी सातला झाडाखाली उभं राहिलं की तो किरकोळ राहत नाही.

तिथे ओढ्याच्या कडेला स्वर्गीय नर्तक येतो. नराची ती लांब पांढरी फीत हलते, आणि ती न पुसटता हवी असेल तर शटर निदान १/५०० सेकंद हवं. गर्द सावलीत एफ/६.७ ला आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारा आकडा, तो वाढला की फोटोत दाणे येतात) ६४०० च्या आसपास जातो. एफ/५.६ ला तो साडेचार हजारांवर थांबतो. छोट्या सेन्सरवर साडेचार हजार आणि साडेसहा हजार यांतला फरक पक्ष्याच्या डोक्यावरच्या निळसर काळ्या पिसांत कळतो. पहिल्यात पिसं वेगवेगळी दिसतात, दुसऱ्यात त्यांचा एक ठिपका होऊ लागतो.

पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझेशनबरोबर जोडीने काम करते. ओएमच्या कॅमेऱ्यावर ती जोडी जमत नाही, लेन्सचं वापरायचं की कॅमेऱ्याचं ते ठरवावं लागतं. मी लांबच्या टोकाला लेन्सचं चालू ठेवते, कारण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मला त्याने जास्त शांत वाटतं. इथे एक गैरसमज दूर करायचा आहे. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. पाच-साडेपाच स्टॉपचे दावे वाचून कुणी १/३० ला शिंजीर टिपायला जाऊ नये. पक्ष्यांसाठी त्याचा खरा उपयोग चौकट स्थिर ठेवायला होतो.

या लेन्सचं उणं म्हणजे जवळचं अंतर. दीड मीटरच्या अलीकडे ती फोकस करत नाही. फुलपाखरांसाठी ती माझ्या हातात येत नाही.

पॅनासॉनिक-लायका १००-४००, एफ/४-६.३, २०१६. २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिला टेलिकन्व्हर्टर (पोच वाढवणारे, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारे काचेचे जोड) लावता येतात. फोटोंच्या दर्जाबद्दल काहीच म्हणणं नाही. ४०० म्हणजे फुल फ्रेमच्या ८०० सारखं दृश्य, आणि ते किलोच्या आत. भिगवणच्या पाणथळीत दूरवर बसलेल्या राजहंसांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मला हिच्यातून सुटे मोजता आले. ज्यांच्याकडे मोठी पकड असलेला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आहे, आणि जे मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घेऊन एका जागी बसतात, त्यांनी हिचा विचार जरूर करावा. माझ्यासारख्या चालत फिरणाऱ्या बाईसाठी ती नाही. मी ती परत देताना हळहळले, पण दुसऱ्या दिवशीचं माझं मनगट मला माहीत होतं. ऑलिंपसचीही एक १००-४०० आहे, २०२० ची, ट्रायपॉडला लावायच्या कड्याशिवाय ११२० ग्रॅम. जी हरकत लायकाला, तीच तिला, थोडी जास्त.

सोनी ७०-३५०, एफ/४.५-६.३, २०१९. या सगळ्यांत मला सर्वांगाने पुरी वाटलेली लेन्स. ए६७०० सकट १११८ ग्रॅम. झूम कुलूपबंद करायचा खटका आहे, नळीवर फोकस धरून ठेवायचं बटण आहे, हूड खोक्यातच येतो. सेन्सर २६ मेगापिक्सेलचा, त्यामुळे ३५० मिमीवर पक्ष्याच्या अंगावर जितके पिक्सेल पडतात ते माझ्या २० मेगापिक्सेलच्या ओएम-५ वर ३०० ला पडणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीचे. म्हणजे '५२५ विरुद्ध ६००' हा कागदावरचा फरक कापून घेतलेल्या फोटोत उरत नाही.

ए६७०० पक्षी ओळखतो आणि त्याच्या डोळ्यावर फोकस धरतो. ओएम-५ मध्ये ही सोय नाही. उडत्या पक्ष्यांच्या बाबतीत हा फरक सगळ्या लेन्सच्या फरकांहून मोठा आहे, हे मान्य करायलाच हवं.

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या बाजूने उजनी धरणाच्या पाण्यात होडीतून जात होतो. नावाड्याने इंजिन बंद केलं, बांबूने होडी थोडी वळवली आणि हळूच म्हणाला, "ताई, कवड्या. आता सूर मारतो बघा." कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख मारत थांबला होता, चोच खाली, नजर पाण्यात. होडी डुलत होती, त्यामुळे ३०० ला तो चौकटीत येई आणि जाई. भाचा शेजारून म्हणाला, "मावशी, आधी मागे ये ना. सत्तरला सापडव, मग वाढव." आणि त्याने तेच केलं. ७० वर खंड्या चौकटीत घेतला, कॅमेऱ्याने डोळा पकडला, तसं झूम ३५० पर्यंत नेलं, डोळ्यावरची चौकोनी खूण सुटली नाही. खंड्या दगडासारखा खाली आला तेव्हाही ती त्याच्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत होती. ७० किंवा ७५ पासून सुरू होणाऱ्या झूमचा हा फायदा १०० पासून सुरू होणाऱ्या लेन्समध्ये थोडा कमी होतो, आणि होडीत तो लगेच जाणवतो.

सोनीची अडचण फक्त किंमत. लेन्स आणि कॅमेरा मिळून होणारी रक्कम बघून बऱ्याच जणांना इथेच थांबावं लागेल.

कॅनन आरएफ १००-४००, एफ/५.६-८, २०२१. गटातले काका आर१० वर लावतात, १०६४ ग्रॅम. त्याहून छोट्या आर५० वर लावली तर १०१० ग्रॅम. ४०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स साडेसहाशे ग्रॅमच्या आत बसवली, हेच मला फार मोठं वाटतं. आर१० मध्ये सेन्सर स्थिर करायची सोय नाही, पण लेन्समध्ये साडेपाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे आणि ते चांगलं काम करतं. फोकस वेगवान आणि आवाज न करणारा. पक्ष्याच्या अंगावर पडणारे पिक्सेल मोजले तर आर१० सकट ती या सगळ्या ३०० आणि ३५० वाल्यांच्या पुढे जाते, फुजीच्या २६ मेगापिक्सेलवाल्या कॅमेऱ्यांच्या तर बरीच.

आणि हिचा एक गुण पक्षीवाल्यांच्या लक्षातच येत नाही. ती जवळच्या गोष्टींना फार चांगली आहे. मोठेपणाचं प्रमाण ०.४१, म्हणजे दोन-सव्वादोन सेंटिमीटरची वस्तू सेन्सरवर साधारण नऊ मिलिमीटरची होते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या खाली एप्रिल-मेमध्ये नर सरडे दगडावर चढून गळ्याची निळी-काळी-केशरी झोळी फुलवतात. जांभ्या दगडावर पोटावर पडून, मीटरभरावरून, तो सरडा चौकट भरून टिपायचा असेल तर मी या लेन्सला पहिली पसंती देईन. सरडा बिचकत नाही इतकं अंतर राहतं, आणि झोळीवरचा एकेक खवला दिसतो.

उणीव दोन. पाऊस आणि धुळीपासून सीलिंग नाही, आणि हूड वेगळा घ्यावा लागतो. दुपारच्या उन्हात एफ/८ चं काही वाटत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला वाटतं, पण वर मांडलेलं गणित आठवा: ऑलिंपसच्या तुलनेत ती कमी उजेड घेत नाही.

फुजी एक्सएफ ७०-३००, एफ/४-५.६, २०२१. ५८० ग्रॅम, सील केलेली, ८३ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस, १.४ आणि २ चे टेलिकन्व्हर्टर लागतात, फोकसची कक्षा मर्यादित करायचा खटका आहे. मैत्रिणीच्या एक्स-एस२० वर मी वापरली आणि तिचे रंग मला आवडले, विशेषतः संध्याकाळच्या उन्हातले. पण एक विसंगती आहे. लेन्स पावसात चालेल, एक्स-एस२० सील केलेला नाही. पावसाळी वापरासाठी एक्स-टी५ सारखा कॅमेरा हवा, आणि त्याचं वजन ५५७ ग्रॅम. शुद्ध पक्षीनिरीक्षणासाठी २६ मेगापिक्सेलवर ३०० मला कमी पडली. एक्स-टी५ च्या ४० मेगापिक्सेलवर हा प्रश्न बराचसा सुटतो. प्रवास, डोंगर, माणसं, फुलपाखरं आणि मधूनच पक्षी, असं ज्यांचं मिश्रण आहे त्यांना ही फार शोभेल.

निकॉनची ५०-२५० (४०५ ग्रॅम) आणि कॅननची आरएफ-एस ५५-२१० (२७० ग्रॅम) या दोन्ही कॅमेऱ्याबरोबर जोडीने मिळतात. हलक्या आहेत, चांगल्या आहेत, पक्ष्यांना पोचत नाहीत. शाळेचं गॅदरिंग, मैदानावरचे सामने यांना पुरून उरतात.

टेलिफोटो म्हणजे फक्त पक्षी असंही नाही. दिवे घाटात माउलींची पालखी चढत असते तेव्हा वरच्या वळणावर उभं राहून खालच्या वळणावर १०० ते १५० मिमीने बघा. रथाच्या पुढची बैलजोडी, मागे पताका, त्यामागे पुन्हा पताका, सगळं एकावर एक रचल्यासारखं जवळ येतं. तेच रुंद लेन्सने घेतलं तर माणसं मुंग्यांएवढी आणि घाटच मोठा. वारीत पाऊस हटकून असतो आणि उभं राहायला जागा वीतभर. तिथे मला ओएम सिस्टिमची ४०-१५०, एफ/४ प्रो, सर्वात पटते: ३८२ ग्रॅम, २०२२ ची, आयपी५३ दर्जाचं सीलिंग, बंद केली की मुठीएवढी. बजेट नसेल तर ऑलिंपसची साधी ४०-१५०, एफ/४-५.६. वजन १९० ग्रॅम. एवढ्या वजनात एवढं देणारी दुसरी लेन्स मला माहीत नाही. फक्त पावसात प्लॅस्टिकची पिशवी लावा.

पोच किती हवी याबद्दल आपल्या हवामानात आणखी एक अडसर आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे बघायला मार्च-एप्रिलमध्ये जा. सकाळी साडेआठपर्यंत फोटो स्वच्छ येतात. दहाच्या पुढे जमीन तापते आणि लांबचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. त्या वेळी ४०० काय आणि ६०० काय, कुठलीच लेन्स तीक्ष्ण फोटो देत नाही, आणि लोक घरी येऊन लेन्सला बोल लावतात. दीडशे मीटरवरचा चिंकारा ३०० ने मवाळ आला तर आधी घड्याळ बघा. त्यावर उपाय दोनच, लवकर जाणं किंवा अंतर कमी करणं.

दुसरा अडसर बुरशीचा. पावसाळ्यात कोकणात तर आहेच, पण पुण्यातही कपाटात चामडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे धागे येतात. लेन्स चामडी किंवा कापडी पिशवीत साठवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की पुरे. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. आणि वापरत राहा. पुढेमागे होणारी नळी धूळ आत ओढते, म्हणून माळरानावरून आल्यावर नळी पूर्ण बाहेर काढून मऊ ब्रशने पुसूनच आत घ्या.

तर कोणी काय घ्यावं?

कॅमेराच नाही, पक्ष्यांपासून सुरुवात करायची आहे आणि पैसे जपून वापरायचे आहेत: कॅनन आर१० आणि आरएफ १००-४००. हात सैल सोडता येत असेल तर सोनी ए६७०० आणि ७०-३५०. मायक्रो फोर थर्ड्सचा सील केलेला कॅमेरा आधीच असेल तर पॅनासॉनिक १००-३००, दुसरी आवृत्ती. माझ्या दोन्हींपैकी एकच ठेवायची वेळ आली तर मी तीच ठेवीन. डोंगर चढणाऱ्यांनी आणि ज्यांचा खांदा आधीच कुरकुरतो त्यांनी ऑलिंपस ७५-३००. फुजी असेल तर तिची ७०-३०० सोडून दुसरीकडे बघायचं कारण नाही. फुजीची १००-४०० १३७५ ग्रॅमची आहे, ती या तुलनेत बसतच नाही.

या लेन्सपैकी ऑलिंपस आणि पॅनासॉनिक जुन्या बाजारात बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत मिळतात. जुनी घेताना दोन्ही टोपणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर स्वस्त मिळते म्हणूनही घेऊ नका, ते वाढतात आणि डब्यातल्या दुसऱ्या लेन्सलाही लागू शकतात. धुळीचे चार कण असतील तर हरकत नाही. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा, मध्ये कुठे खरखर किंवा झोल लागतो का बघा. मग कॅमेऱ्याला लावा, दुकानाबाहेर या आणि समोरच्या इमारतीवरची पाटी सर्वात लांबच्या झूमवर, उघड्या एफवर (म्हणजे एफचा सर्वात लहान आकडा ठेवून) टिपा. पाटीची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखीच स्पष्ट यायला हवी. एक बाजू पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे, ती लेन्स दुकानदाराला तिथेच परत द्या. शेवटी लेन्स डोळ्याशी धरून मनात साठपर्यंत आकडे मोजा, आणि खांदा काय म्हणतो ते विचारून मगच पैसे द्या.